पुरानंतर सापडलेली चिठ्ठी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या कॉलेजच्या झूऑलॉजी म्युझियममध्येपण पाणी शिरलं. मी तिथे लॅब असिस्टंट. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर घोट्याएवढा गाळ, नमुने टिकवायच्या फॉर्मेलिनचा वास डोळ्यांना झोंबतोय आणि खालच्या रॅकच्या बरण्या कुठच्या कुठे गेलेल्या.

जो तो विचारायचा, दोन डोक्यांचं वासरू वाचलं का? वाचलं, ते वरच्या रॅकवर होतं. लोक तेच बघायला येतात, काहीजण हात जोडतात, आणि जुळं पोटात नीट वेगळं झालं नाही की असं होतं हे मी प्रत्येकाला सांगतो.

खालच्या बरण्यांची बाहेरची लेबलं पार धुऊन गेली होती, स्टॉक रजिस्टरचा लगदा झालेला. एका बरणीत राखाडी, वळ्यावळ्यांचं, वीतभर काहीतरी होतं, मी 'गांडूळ' लिहायला घेतलं. तेवढ्यात आत तळाशी कागदाचा कपटा दिसला. चिमट्याने काढला, शिसपेन्सिलने लिहिलेलं, अक्षर न् अक्षर शाबूत: कोयना, दगडाखाली, जुलै.

मग भिंग लावून बघितलं. तोंडाची कड चिमट्याने जरा उचलली तर बारीक दात! गांडुळाला कुठले दात? डोळा म्हणजे कातडीखाली नुसता ठिपका. देवगांडूळ होतं ते, बेडकाच्या गोतातला बिनपायाचा उभयचर, ज्याला हाडं असतात, कवटी असते. कोयनेजवळच्याच हुंबरळीतून २००४ साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेलीय, इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस. आमचं तेच असं मी म्हणत नाही, फॉर्मेलिनमधल्या नमुन्यातून डीएनए मिळणं फार अवघड, पण कुठून आणलं ते कळलं की अभ्यास करणाऱ्याला धागा तरी सापडतो. तो कपटा नसता तर मीच त्याला कायमचं गांडूळ करून ठेवलं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

चिठ्ठी तशीच परत आत सोडली. संध्याकाळी शिसपेन्सिल आणि जाड कागद घेऊन बसलो, ज्या बरणीचं खात्रीनं ठाऊक होतं तिच्यात चिठ्ठी टाकत गेलो. अकरा बरण्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्या आत चिठ्ठी-बिठ्ठी काहीच नव्हतं.