माइंड डाएटचं नक्की झालं काय?
फॅमिली ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड, ब्लूबेरी खा नि अल्झायमर टाळा. यामागे आहे माइंड डाएट, म्हणजे मेंदू जपण्यासाठी सुचवलेली खाण्याची पद्धत. त्याचं मूळ काम शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीतल्या मार्था क्लेअर मॉरिस यांच्या टीमचं, २०१५ चं. पालेभाजी आठवड्यात सहादा तरी, ब्लूबेरीसारखी बेरी-फळं दोनदा, कडधान्यं, सुकामेवा, मासे, आणि बटर-चीज-तळण-गोड कमी, असं काटेकोर खाणाऱ्या वयस्कर लोकांत अल्झायमरची रिस्क ५३ टक्के कमी दिसली. पण ते नुसतं निरीक्षण होतं हो! २०२३ ला खरी ट्रायल आली, पासष्टीपुढचे ६०४ लोक, ३ वर्षं, एक ग्रुप माइंड डाएटवर, दुसरा नेहमीच्या जेवणावर, दोन्ही ग्रुपना थोडं कमी खायला लावलेलं, आणि मेंदूच्या टेस्टमध्ये दोघांत म्हणावा तसा फरकच नाही (३ वर्षं तशी कमीच म्हणा). आईची मेथी-चाकवत चालूच राहील, महागड्या ब्लूबेरी मात्र मी आणणार नाहीये.