क्लब का काढत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

‘काका, आपण रीतसर क्लब का नोंदवत नाही?’ हा प्रश्न मला रविवारी माळावर रिमोटची छोटी विमानं उडवताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि परवा तर ज्याच्याकडून बॅटऱ्या घेतो त्या दुकानदारानेही विचारला. उत्तर मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत दिलंय आणि प्रत्येकाने आपल्याला हवा तो तुकडा घरी नेलाय. कुणी म्हणतं काका घाबरट आहेत, कुणी म्हणतं काकांना आपला कंपू सोडवत नाही. म्हणून आता एकदाच सगळं सांगतो.

क्लबचा आग्रह मुळात माझा होता, हे नव्या मुलांना माहीत नसतं. नियमावलीचा मसुदा माझ्याच अक्षरात आहे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, पाहुण्यांनी कुठे उभं राहायचं, चार्जिंग कुठे करायचं, सगळं त्यात आहे. कागद झाला की माणसं आपोआप बांधली जातात असं मला तेव्हा वाटायचं. तेव्हाचा मी अगदीच खुळा नव्हतो. त्याचे काही मुद्दे मला आजही खोडता येत नाहीत.

पण हा छंद आता एकट्याने करता येतो, ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. ग्लो इंजिनच्या काळी तसं जमत नसे. मेथनॉल आणि एरंडेल तेलाचं ते इंधन, इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी धरायला कुणीतरी हवंच. त्याहून मोठी भानगड रेडिओची. ७२ मेगाहर्ट्झचे सेट क्रिस्टलवर चालायचे, ज्याचा जो क्रिस्टल तोच त्याचा चॅनेल. तुमचा-माझा चॅनेल एक असला आणि तुम्ही उडवत असताना मी माझा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, चालू केला, की तुमचं विमान तुमचं राहिलं नाही. म्हणून फळीवर चॅनेलचे चिमटे असायचे, ज्याच्या हाती चिमटा त्यानेच रेडिओ चालू करायचा. त्या चिमट्यापायी बोलावं लागे, थांबावं लागे, प्रसंगी भांडावं लागे. मी त्या काळाचा शेवट तेवढा पाहिला. ती माणसं एकमेकांवर उखडलेली असायची, पण कोण कुठे राहतं, कुणाच्या घरी काय चाललंय, हे त्यांना माहीत असायचं.

मग २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले, विमानातला रिसीव्हर आपापल्या ट्रान्समीटरशी जोडला गेला आणि चिमटे गेले. विजेवरचं रेडिओ विमान तसं नवं नव्हे. इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी १९५७ सालीच ‘रेडिओ क्वीन’ उडवलं होतं, तेही सिल्व्हर-झिंक बॅटऱ्यांवर. पण आपल्या खिशाला ते परवडायला लागलं लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, आणि ब्रशलेस मोटरी स्वस्त झाल्यावर. आता बोर्डवाल्याकडून सनपॅकचे, म्हणजे पोकळ प्लास्टिक पत्र्याचे, तुकडे आणा, हॉट ग्लू लावा, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवायला नऊ ग्रॅमचे सर्व्हो बसवा, थ्री-सेल २२०० ची बॅटरी टाका, झालं विमान. धूर नाही, तेल नाही, मदतीला कुणी नको. शिकायला सिम्युलेटर आहे. पहाटे स्कूटरवर टाकून न्यावं, बॅटरी संपेपर्यंत उडवावं आणि नाश्त्याला घरी यावं. माझ्या ओळखीतले कितीतरी जण हेच करतात आणि सुखात आहेत.

तर ‘इलेक्ट्रिकवाल्यांना एकत्र आणा’ म्हणता, पण त्यांना एकमेकांची गरज पडते कधी? माझ्या मते विमान पडल्यावर. इथेच ती उसाची गोष्ट येते. जे तिथे होते त्यांना ती पाठ आहे, पण प्रत्येकाची वेगळी.

उरुळीच्या पुढे एका शेतकऱ्याच्या पडीक माळावर आम्ही तेव्हा उडवत होतो. माळाच्या पूर्वेला त्यांच्या भावकीतला ऊस होता, तोडणीला आलेला, वाऱ्याने जागोजागी लोळलेला. इंजिनिअरिंगच्या एका मुलाने वेग नसताना वळण घेतलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांनी उचलणं सोडलं, आणि गरगरत उसात गेलं. असं होतंच. सनपॅकचं विमान, दोन संध्याकाळींत दुसरं तयार. पण आत बॅटरी होती. आपटलेली लिपो काय करते ते तुम्हाला सांगायला नको. लगेच काही दिसत नाही, पाच मिनिटांनी फुगून पेटेल नाहीतर अर्ध्या तासाने. आणि खाली वाळलेलं पाचट. वारा असताना ऊस पेटला तर बांध बघून थांबत नाही. जळका ऊस कारखान्याने उचलला तरी पैसे कापून घेतात.

मी सगळ्यांना हाक मारली. एकेका सरीत एकेकाने शिरायचं, ओळ मोडायची नाही. तेवढ्यात एकाच्या घरी पाहुणे येणार होते. एकाच्या मुलीचा क्लास होता. ‘आता कुठलं सापडतंय ते’ म्हणून एकाने आपल्या विमानाचे पंख सोडवून डिकीत ठेवायलाही घेतले. गाड्या सुरू झाल्या. आम्ही चौघं उरलो: मी, तो मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि हायवेवरच्या गॅरेजचा एक मेकॅनिक. हा मेकॅनिक त्या दिवशी विमानं बघायला म्हणून सहज थांबला होता.

उसाच्या पानांनी हात-तोंड चिरतं आणि वरून घाम झोंबतो. मुलाचा अंगठा सारखा थ्रॉटलकडे जात होता, मोटर वाजली की कळेल म्हणून. मी त्याच्यावर ओरडलो. प्रॉपेलर पाचटात अडकलेला असताना थ्रॉटल दिला तर मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी जळतो, आणि तिथे काहीही जळून चालणार नव्हतं. ट्रान्समीटर बंद करायला लावला. नशिबाने त्याचा रिसीव्हर असा होता की सिग्नल तुटला की तो गप्प बसतो, मग ईएससी बीप द्यायला लागतो. त्याला वेगळा भोंगा नसतो, मोटरची गुंडाळीच तो आवाज काढते, अगदी बारीक. ऊस सळसळत असेल तर ऐकू येत नाही. म्हणून वारा पडला की आम्ही चौघंही जागच्या जागी उभं राहून कान द्यायचो, आणि सळसळ सुरू झाली की पुढे सरकायचो.

अशात उसाचे मालक बांधावर आले. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘तुमच्यातला जबाबदार मानूस कोन?’

मी म्हटलं, ‘आम्ही सगळेच.’

‘सगळे म्हंजी कुनीच न्हाई. सांच्याला काय झालं तर मी फोन कुनाला करायचा?’

मी माझा नंबर दिला. त्यांनी तिथल्या तिथे मला मिस कॉल द्यायला लावला, नंबर खरा आहे का ते बघायला. मग घरी गेले आणि घमेलं भरून माती घेऊन आले.

विमान मेकॅनिकला सापडलं. नाक सरीत रुतलेलं, एक पंख वर उसात लटकलेला. बॅटरीचा एक कोपरा चेपला होता, अंगाला फुगवटा आला होता, हाताला कोमट लागत होती. मी प्लग सोडवला, बॅटरी घमेल्यात ठेवली, वर माती ओढली आणि घमेलं माळाच्या मधोमध नेऊन ठेवलं. मग आम्ही लांब जाऊन बसलो. धूर नाही, ज्वाळा नाही, काहीही झालं नाही. तासाभराने मालक म्हणाले, ‘जावा आता.’

पुढच्या रविवारी विषय निघाला तो हाच, की ‘बघा काका, अशा प्रसंगासाठीच क्लब हवा.’ कुणी काढला? ज्यांच्या घरी पाहुणे होते त्यांनी. टी-शर्टवर कोणतं चिन्ह हवं यावर अर्धा तास चर्चा झाली. मसुदा माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नाही, आणि त्यानंतर कधीच काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा राग किती धरायचा. धरलाय खरा. पण हिशेब तितका सरळ नाही, हेही मला कळतं. पाहुण्यांसाठी निघून गेलेला तोच माणूस शाळकरी पोरांना बडी बॉक्सवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन रिमोटांवर, शिकवतो. पोराने विमान जमिनीकडे नेलं तरी ओरडत नाही, शांतपणे ताबा घेतो, वर नेतो आणि परत पोराच्या हातात देतो. माझ्यात तेवढा धीर नाही. ज्या गृहस्थांनी माझ्याबरोबर ऊस तुडवला ते पुन्हा आलेच नाहीत, हे झेपत नाही म्हणाले. मेकॅनिक अजून येतो, पण क्लबचं नाव काढलं की वर्गणी किती एवढंच विचारतो. त्यामुळे उसात कोण उतरतं यावरून माणसं पारखावीत, तर तेही धड जमत नाही.

आणि तो जुना मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, २०२१ च्या ड्रोन नियमांनी छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडणारी पंचवीस किलोपर्यंतची मॉडेलं वेगळी ओळखली आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतची नॅनो सोडली तर त्याच नियमांत थर्ड पार्टी विम्याची अट आहे. तो विमा एकेकट्याने कुठे शोधत फिरणार? अमेरिकेत १९३६ पासून ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स आहे, सभासद झालं की विमा त्यातच येतो. संस्था असेल तर जागामालकाशी लेखी करार करता येईल, पोलीस विचारायला आले तर काहीतरी दाखवता येईल. यातलं काय खोटं आहे? काहीच नाही.

माझी अडचण वेगळी आहे. कागद नाही तर फोन मला येतो. कागद झाल्यावरही तो मलाच येईल, फक्त बाकीच्यांना वाटेल की क्लबला आलाय. मग उसात क्लब उतरेल, म्हणजे कोण ते तुम्हीच सांगा. याला भीती म्हणायची तर म्हणा. मला सही करायची भीती वाटते.

तोवर मी दोन-तीन गोष्टी पाळायला लावतो. कुणाचंही विमान पिकात गेलं की सगळ्यांनी आपापलं विमान खाली उतरवायचं, आणि बॅटरी हाती येईपर्यंत दुसरं विमान उडणार नाही. तोडणीच्या मोसमात पूर्वेकडे वळण घ्यायचं नाही. नव्या माणसाने आधी दुसऱ्याचं विमान हाताने सोडायचं, स्वतःचं नंतर. यात रिकामे प्रेक्षकही सुटत नाहीत. दर रविवारी एक तरी जण तळपद्यांच्या १८९५ च्या चौपाटीवरच्या विमानाची गोष्ट ऐकवतोच, त्यालाही मी विमान धरायला लावतो. मग तो गोष्ट आवरती घेतो.

जुना मी मात्र एक प्रश्न सोडत नाही: उद्या तू अंथरुणाला खिळलास, तर उसाचा मालक फोन कुणाला करेल? याला माझ्याकडे उत्तर नाही.

क्लब सोसायटी म्हणून नोंदवायला सात जण लागतात. सहा तयार आहेत, आणि माझ्याऐवजी दुसरा सातवा शोधतायत असं कानावर आलंय. शोधा. वर्गणी मी पहिल्या दिवशी भरीन. फक्त अध्यक्ष कोण ते ठरलं की त्याला घेऊन आधी त्या बांधावर जा, आणि मालकांच्या समोर उभं राहून त्यालाच मिस कॉल द्यायला लावा.