पाऊसवही स्कीमा ०.५: 'तारीख' फील्ड उडवलं

पाऊसवही म्हणजे घरोघरी मोजलेल्या पावसाच्या वह्या एका साच्यात (स्कीमात) आणायचा आपला उद्योग. मागच्या वेळी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की तारखेचा प्रश्न मिटला. कसला मिटतोय! गेले तीन आठवडे त्यातच गेले. परवा रात्री साडेअकराला व्हॅलिडेटर, म्हणजे नोंदी साच्यात बसतात का ते तपासणारा प्रोग्राम, एकदाचा हिरवा झाला, तेव्हा घरात सांगायला कोणी जागं नव्हतं. म्हणून तुमच्या माथी.

०.४ मध्ये काय होतं ते आठवा. वहीच्या मथळ्यात एकदाच 'मोजणी ८:३०', आणि खाली ओळीओळीला नुसती तारीख नि मिलिमीटर. हवामान खात्याची रीतच ही. सकाळी साडेआठला, म्हणजे ०३ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार तीनला), मोजायचं आणि मागच्या २४ तासांचा पाऊस मोजल्या दिवसाच्या नावावर टाकायचा. खात्याचं पुण्यातलं कार्यालय शिवाजीनगरला, आपण त्याच गावचे, तेव्हा वेगळं कशाला करा? असं म्हणून अकरा वह्या आत ओतल्या आणि २४-२५ जुलै २०२४ ला ठेचकाळलो. ती रात्र आठवतेच सगळ्यांना: रात्रभर कोसळत होता, खडकवासला धरणाचा विसर्ग वाढवला, सकाळी सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. आपल्या सात वह्या म्हणतात तो पाऊस २५ चा, चार म्हणतात २४ चा.

कर्वेनगरच्या काकांना फोन लावला.

"काका, २५ चा पाऊस म्हणजे २५ ला पडलेला ना?"

"अरे, २५ ला मोजलेला! पडला रात्री. मी काय छत्री घेऊन जागत बसू?"

सिंहगड रोडच्या वहिनींचं म्हणणं नेमकं उलट: "रात्री पडला ना, मग २४ चाच." दोघंही बरोबर. चूक माझ्या फील्डची.

पहिला उपाय सोपा वाटला: मथळ्यात 'रीत' नावाचा एनम (ठरलेल्या पर्यायांतूनच निवडायचं फील्ड), किमती दोनच, 'मोजल्या दिवसाची' आणि 'पडल्या दिवसाची'. खातरजमा म्हणून प्रत्येक वही एक दिवस मागे-पुढे सरकवून शेजारच्या वह्यांशी कुठे जास्त जुळते ते पाहिलं. वहिनींची वही जुलैअखेरपर्यंत एक दिवस सरकवली की मस्त जुळते, आणि १ ऑगस्टपासून न सरकवता जुळते! दोन रात्री माझ्याच कोडमध्ये बग शोधला. शेवटी विचारलं, तर "अहो, ऑगस्टपासून चिनू मोजते. शाळेला जायच्या आधी मोजते आणि त्याच दिवसाखाली लिहिते." म्हणजे रीत वहीची नसते, मोजणाऱ्याची असते. मथळ्यातली गोष्ट ओळीत आणणं भाग होतं.

तेव्हा तारीखच काढून टाकली. आता प्रत्येक ओळीला 'पासून' आणि 'पर्यंत', दोन्ही वेळेसकट. हवामानाच्या डेटासाठीचे नियम ठरवणाऱ्या सीएफ कन्व्हेन्शन्सवाल्यांनी हे कधीच करून ठेवलंय. तिथे वेळेच्या किमतीला बाउंड्स (अवधीची सुरुवात आणि शेवट) असतात, आणि आकडा त्या अवधीची बेरीज आहे की सरासरी हे सेल मेथड्स सांगतं. पण ते सगळं नेटसीडीएफ या शास्त्रज्ञांच्या फाइल-प्रकाराच्या जगातलं, आपल्या काकांना सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी तक्त्याची फाइल, उघडली तरी खूप. कल्पना तेवढी उचलली. पुस्तकं-दस्तऐवजांच्या नोंदींसाठीच्या डब्लिन कोअर या मानकाच्या पंधरा घटकांत 'डेट' आहे, पण ग्रंथालयाच्या कार्डाला पुरेल इतकंच. प्राणी-वनस्पतींच्या नोंदींसाठीच्या डार्विन कोअरमधून मात्र एक सोन्यासारखी गोष्ट घेतली: मूळ नोंद जशीच्या तशी जपायचं वेगळं फील्ड. वहीत '२४ रात्र, धो धो' असेल तर तसंच राहणार, अर्थ शेजारच्या रकान्यात. आणि तो अर्थ कुठून आला तेही: 'सांगितलेला', 'अनुमानित' किंवा 'अज्ञात'.

याचा फुकटात मिळालेला फायदा म्हणजे गणपतीला गावी गेलेले लोक! तीन दिवसांनी परत येऊन एकदाच मोजलं, तर ०.४ मध्ये त्यासाठी 'साठलेला' असा एक ओंगळ ध्वज (हो-नाहीची खूण) होता. आता अवधी ७२ तासांचा, बस्स. ध्वज डिलीट करताना जो आनंद झाला तो काय सांगू.

एक्सेलबद्दल पुन्हा बोलायचं नाही ठरवलं होतं, पण ५ जुलैचा ७ मे करून ठेवलेल्या दोन फायली या वेळीही आल्या. लिबरऑफिस कॅल्कमध्ये सीएसव्ही उघडतानाच कॉलमचा प्रकार निवडता येतो. तो निवडा, हात जोडतो.

आणखी एक. एका ऑनलाइन विक्रेत्याने १०० चौरस सेंमी तोंडाच्या मापकाबरोबर २०० चौरस सेंमीच्या मापकासाठीचं मोजपात्र पाठवलं होतं. पहिल्यात १ मिमी म्हणजे १० मिली, दुसऱ्याच्या खुणा २० मिलीला एक मिमी, म्हणून ते घेणाऱ्या बिचाऱ्यांचा अख्खा जून निम्मा दिसत होता. विक्रेत्याचं उत्तर: "पाणी मोजलं जातंय ना?" त्यामुळे 'तोंडाचं क्षेत्रफळ' आणि 'मोजपात्र कितीचं' ही दोन फील्डं वेगळी आणि सक्तीची. आकडा मूळच ठेवायचा, दुप्पट करायचं काम कोडचं.

इथवर लिहून ०.५ गोठवणार होतो. तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या एका आजींनी वडिलांची १९४४ ची वही दिली. इंच आणि सेंट (इंचाचा शंभरावा भाग), ते ठीक, २५.४ ने गुणलं. पण युद्धकाळात, १९४२ ते ४५, आपली घड्याळं तासभर पुढे होती. मी +५:३० (यूटीसीच्या साडेपाच तास पुढे) सरळ कोडमध्ये कोरून ठेवलेलं. तिथे +६:३० हवं. आता 'एशिया/कोलकाता' हे टाइमझोनचं नाव वापरतोय, त्यात हा इतिहास आहे. म्हणजे गोठवणं लांबलं.

त्यातही आजींना विचारलं, वहीवर 'सकाळी ८' आहे ते नव्या वेळेचे की जुन्या? म्हणाल्या, "घड्याळ कोण बघत होतं? पूजा आटोपली की मोजायचे."

'पासून' आणि 'पर्यंत'च्या शेजारी आता 'अंदाजे किती मिनिटं इकडेतिकडे' असं फील्ड घालतोय. आजींच्या वहीसाठी सध्या ९० टाकलेत. पूजेला किती वेळ लागायचा, ते रविवारी विचारून येतो.