पडदा स्वच्छ निघाला, पण दाब वाढलेला होता

मधुमेह आहे म्हणून दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घेतो. यंदाही पडदा स्वच्छ निघाला, पण डोळ्यांतला दाब २६ भरला. साधारण १० ते २१ ठीक समजतात. दृष्टीच्या नसेच्या तोंडाचा खळगाही मोठा वाटतोय, असं डॉक्टर म्हणाल्या आणि काचबिंदूच्या, म्हणजे दृष्टीची नस हळूहळू खराब करणाऱ्या आजाराच्या, तपासण्या लिहून दिल्या. मला ना दुखत होतं, ना कमी दिसत होतं.

नजरेचा घेर तपासणाऱ्या फील्ड टेस्टने दमवलं. एक डोळा झाकलेला, हनुवटी टेकवलेली, नजर मधल्या दिव्यावर. आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. काही ठिपके इतके पुसट, की दिसला की भास झाला तेच कळेना. बराच वेळ काही दिसलं नाही की धस्स व्हायचं. यंत्र मुद्दाम दिसेल-न दिसेल इतका मंद उजेड दाखवतं, ठिपके सगळ्यांचेच निसटतात, हे तिथल्या ताईंनी आधी सांगितलं म्हणून धीर धरला. अहवालात उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूला काळा पट्टा आला. डावा डोळा ती उणीव भरून काढत होता, म्हणून जाणवलंच नव्हतं.

मग गोनिओस्कोपी. डोळा बधिर करून त्यावर भिंग टेकवतात आणि आतल्या पाण्याचा निचरा होतो तो कोपरा बघतात. मधुमेहींसाठी ही तपासणी फार मोलाची. पडद्याला रक्त कमी पडलं तर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या या कोपऱ्यात पसरल्या तर निचरा तुंबतो आणि दाब झपाट्याने चढतो. माझा कोपरा मोकळा होता, वाहिन्या नव्हत्या. म्हणजे नेहमीचा, सावकाश वाढणारा काचबिंदू. मधुमेहींमध्ये तोही जास्त आढळतो.

दाब कमी करणारे टिमोलॉलचे थेंब देण्याआधी डॉक्टरांनी इन्सुलिनबद्दल विचारलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साखर उतरल्यावर होणारी धडधड त्या थेंबांनी दबू शकते, मग इशाराच मिळत नाही. तुम्ही इन्सुलिन घेत असाल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगाच. मला रोज रात्री लॅटानोप्रोस्ट या दाब उतरवणाऱ्याच औषधाचा एक थेंब दिला. थेंब टाकून डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरायचा.

दाब आता १७ वर आलाय. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखायची आहे. काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालतो, म्हणून धाकट्या बहिणीलाही तपासणीला पाठवलं, तिला मधुमेह नसला तरी.