तुम्ही विचारलंत म्हणून : अ‍ॅरिस्टॉटल अजून कशाला?

राज्यशास्त्र शिकवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कोट्यवधी माणसांच्या देशाला अ‍ॅरिस्टॉटल काय कामाचा? आक्षेप मला पाठ आहेत. नगर फार मोठं झालं तर दवंडीवाल्याला स्टेन्टॉरचा गळा लागेल, असं तो स्वतःच म्हणतो. (स्टेन्टॉर म्हणजे होमरचा, एकटा पन्नास जणांएवढा ओरडणारा.) गळ्याचं काम आता मोबाइल करतो, तेव्हा हा आक्षेप सोडा.

कामाचा कसा, ते ऐका. पदं चिठ्ठ्या टाकून वाटणं ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राजवटीची, असं त्याच्या काळी मानत; त्याच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागात ते आहे. आपण शाळेपासून नेमकं उलटं घोकलेलं. अथेन्सची 500 जणांची सभा चिठ्ठीनेच भरे. आयर्लंडने 2016 मध्ये असेच 99 नागरिक निवडले आणि पक्षांना पेलवत नसलेला गर्भपातबंदीचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बंदी उठवा म्हटलं. 2018 च्या सार्वमतात 66 टक्क्यांहून जास्त मतं त्याच बाजूला पडली. हा माझा हुकमाचा एक्का होता.

मग एका वर्गात आम्ही पहिला भाग वाचत होतो. वाचायला एका विद्यार्थिनीचा नंबर आला. तिच्या वाट्याला आलं ते त्याचं म्हणणं असं: गुलामाला विचारशक्तीच नाही. स्त्रीला आहे, पण तिचा अधिकार चालत नाही. ओळीवरचं बोट न काढता ती म्हणाली, "सर, याच्या हिशेबात मी या वर्गात बसूच शकत नाही. आणि नागरिकत्व मी याच्याकडून शिकायचं?"

काळाचे पूर्वग्रह बाजूला काढा, युक्तिवाद ठेवा, हे माझं उत्तर तयारच असतं. ते दिलं.

"काढल्यावर उरतं काय, सर? त्याच्या नागरिकाला सभेत बसायला फुरसत होती, कारण घरचं दुसरे राबून करत होते. तुमच्या चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याचा खाडा कोण भरून देणार?"

मागून कुणीतरी हसलं. तिला की मला, अजून कळलेलं नाही. मी घाईने त्याच भागातलं वाक्य शोधलं: मागावर धागा इकडून तिकडे नेणारे धोटे आपोआप विणू लागले, तर मालकांना गुलाम लागणार नाहीत.

"माग केव्हाचे आपोआप चालतात, सर."

राग आला, खोटं कशाला सांगू? तिच्या आधीचा मी अजून भांडतो: अथेन्सने गरिबांना न्यायसभेत बसायचा भत्ता दिलाच होता की! दिला होता. पण त्या भत्त्यावरच अ‍ॅरिस्टॉटलचा रोष. भत्त्याने गरिबांना सवड मिळते आणि मग कायद्याऐवजी त्यांचंच चालतं, ही त्याची तक्रार. इथे मी त्याला सोडून अथेन्सच्या बाजूला जातो. मग 'अ‍ॅरिस्टॉटल लागू केला' असं कोणत्या तोंडाने म्हणू? आणि तरी, नागरिकाच्या वेळेला किंमत मोजावी लागते आणि ती कुणी मोजायची यावरच सगळं अडतं, हे मला त्याच्याच कुरकुरीतून कळलं.

सहकारी म्हणतात, पहिला भाग गाळा, थेट चौथा घ्या, वेळ वाचेल. वाचेल ना. पण मग भत्त्याबद्दल बोलताना ते धोटे कुठून आणू?