नेझचा कडा: ढासळणाऱ्या थरांमधले पाच कोटी वर्षांचे अंतर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यातील वॉल्टन-ऑन-द-नेझ या गावाच्या उत्तरेला समुद्रात शिरलेले एक भूशिर आहे. त्याला नेझ म्हणतात. त्याच्या समुद्राकडील बाजूला वीसएक मीटर उंचीचा कडा असून त्यात खडक म्हणावे असे फारसे काही नाही. खाली करड्या-तपकिरी चिकणमातीचा जाड थर, त्यावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची वाळू आणि माथ्याकडे हिमयुगातील रेती व बारीक गाळ, एवढाच हा ऐवज आहे. ज्याला भूशास्त्रीय काळ पुस्तकात न वाचता डोळ्यांनी पाहायचा आहे, त्याला मी तरीही प्रथम इथेच जायला सांगेन, कारण इथे दोन थरांच्या सीमेवर बोट ठेवले की त्या बोटाखाली सुमारे पाच कोटी वर्षे असतात आणि त्या सगळ्या काळाचा एकही थर तिथे नसतो.

खालची चिकणमाती ‘लंडन क्ले’ या नावाने ओळखली जाते. नेझला दिसणारा तिचा भाग इओसीन कालखंडाच्या आरंभीचा, सुमारे 5 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसातून घडला त्यानंतर सव्वा कोटीच्या आसपास वर्षे लोटल्यावरचा. त्या सुमारास ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून दूर सरकत होते व उत्तर अटलांटिकमध्ये प्रचंड ज्वालामुखी पेटलेले होते. त्यांच्या राखेचे पातळ पट्टे नेझजवळच्या हार्विच परिसरात या चिकणमातीच्या तळाशी सापडतात. समुद्र उबदार होता आणि त्याच्या काठावर दाट उष्ण प्रदेशीय वनस्पती वाढत होत्या. केंटमधील शेपी बेटावर याच चिकणमातीतून निपा या पाणथळ पामची फळे मोठ्या संख्येने मिळतात, आणि निपा आज सुंदरबनात व आग्नेय आशियाच्या खाड्यांत वाढतो. इलेनॉर रीड आणि मार्जरी चँडलर या दोघींनी लंडन क्लेमधील फळाबियांचा जो सविस्तर अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून थंड, ओल्या इंग्लंडच्या जागी एके काळी कसले अरण्य होते हे पहिल्यांदा नीट उलगडले.

नेझच्या चिकणमातीत सर्वाधिक आढळते ते लाकूड. नदीने समुद्रात आणून टाकलेल्या या ओंडक्यांना आणि काटक्यांना लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी आरपार भोके पाडलेली दिसतात. या लाकडाचे जतन कसे झाले हा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नव्हता. तेथील जिवाणू सडणाऱ्या पदार्थावर जगत होते आणि त्यासाठी समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरत होते. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होई, ते चिखलातील लोहाशी संयोग पावे, आणि लाकडाच्या एकेका पेशीच्या पोकळीत पायराइट, म्हणजे लोहाचे सल्फाइड, भरत जाई. सोनेरी झाक असलेली, हातात घेतल्यावर अनपेक्षितपणे जड लागणारी काटकी ओहोटीच्या वेळी वाळूत पडलेली दिसते ती या प्रक्रियेमुळे. तिचा पातळ छेद घेतला तर पेशींची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते.

ज्या खनिजाने हे लाकूड राखले, तेच खनिज पुढे त्याचा नाशही करते. चिकणमातीच्या बाहेर आलेल्या पायराइटला हवेतील प्राणवायू आणि ओलावा मिळाला की त्याचे विघटन सुरू होते. त्यातून हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, आणि गंधकाम्ल तयार होते, नमुन्यावर पांढरट-पिवळी भुकटी धरते आणि काही वर्षांत खोक्यात नुसता चुरा उरतो. आम्लामुळे नमुना कुठला हे सांगणारी, त्याखालची चिठ्ठीही जळते, ही त्यातली खरी हानी. संग्रहालये म्हणूनच असे नमुने अगदी कोरड्या हवेत बंद ठेवतात. जुन्या काळी मात्र या विघटनालाच किंमत होती. एसेक्स आणि केंटच्या किनाऱ्यांवर पायराइटचे गोटे वेचून, उघड्या हौदांत पावसापाण्यात वर्षानुवर्षे कुजत ठेवून त्यांपासून हिराकस काढला जाई, आणि तो कापड रंगवण्यासाठी व शाई बनवण्यासाठी वापरला जाई. त्या हौदांत किती इओसीन जंगल विरघळून गेले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

चिकणमातीच्या वर एकदम लाल वाळू येते. मधल्या काळात इथे काहीच साचले नाही असे मात्र नाही. जमीन उचलली गेली, वर साचलेले पुष्कळसे थर झिजून वाहून गेले, आणि जेव्हा समुद्र पुन्हा या भागावर पसरला तेव्हा त्याने आपली वाळू त्या झिजलेल्या पृष्ठभागावर पसरली. अशा सीमेला भूशास्त्रात विसंगती म्हणतात. ही लाल वाळू, म्हणजे ‘रेड क्रॅग’, साधारण 25 ते 30 लाख वर्षांपूर्वीची आहे. तिचा रंग मूळचा नाही. नंतरच्या काळात पाणी मुरत गेले, लोहाचे ऑक्सिडीकरण झाले आणि वाळूचा प्रत्येक कण व प्रत्येक शिंपला तांबडा झाला. थरांतील तिरप्या रेषा पाहिल्या की उथळ समुद्रात भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी वाळूचे ढीग कसे पुढे ढकलले ते समजते.

शिंपल्यांच्या बाबतीत ही वाळू उधळी आहे. काही पट्ट्यांत वाळू कमी आणि शिंपलेच अधिक, अशी स्थिती असते. त्यांतला माझा आवडता म्हणजे नेप्च्युनिया जातीचा शंख, जो डावीकडे वळतो. बहुतेक शंख टोक वर करून धरले असता त्यांचे तोंड उजवीकडे उघडते. याचे डावीकडे उघडते, आणि तेही एखाद-दुसऱ्या अपवादात्मक नमुन्यात नव्हे, तर सर्रास. फ्रेडरिक हार्मर यांनी 1900 च्या सुमारास रेड क्रॅगची शंख-शिंपल्यांच्या आधारे विभागणी केली, तेव्हा सर्वांत जुन्या भागाला त्यांनी वॉल्टनचेच नाव दिले. या भागात दक्षिणेकडील उबदार समुद्रांतल्या प्रजाती जास्त आहेत, तर उत्तरेकडे सफोकमध्ये मिळणाऱ्या नव्या भागांत थंड पाण्यातल्या प्रजातींचे प्रमाण वाढत जाते. हिमयुगाची चाहूल त्या शिंपल्यांना लागलेली होती.

क्रॅगच्या तळाशी आणखी एक गुंतागुंत आहे. तिथे फॉस्फेटचे काळपट गोटे, व्हेलच्या हाडांचे गुळगुळीत तुकडे आणि शार्कचे झिजलेले दात मिळतात. अधूनमधून मेगॅलोडॉन या अवाढव्य शार्कचा दातही मिळतो. हे अवशेष क्रॅगच्या समुद्रातले नव्हेत. मधल्या पाच कोटी वर्षांत जे थर साचले आणि नष्ट झाले, त्यांतून उरलेले हे चिवट अवशेष नव्या समुद्राने गोळा करून आपल्या तळाशी अंथरले. चार्ल्स डार्विनचे गुरू जॉन हेन्स्लो यांनी 1840 च्या दशकात सफोकमधील फेलिक्स्टोजवळ अशाच गोट्यांचे शेतीच्या दृष्टीने महत्त्व दाखवून दिले, आणि पुढची काही दशके सफोकमध्ये क्रॅग खणून, ते गोटे दळून, त्यांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून सुपरफॉस्फेट खत बनवण्याचा मोठा धंदा चालला.

म्हणूनच नेझच्या पुळणीवर दात सापडला की पहिला प्रश्न तो कोणत्या शार्कचा असा नसून कोणत्या थरातून आला असा असायला हवा. कड्याखाली सगळे काही एकत्र येते: चिकणमातीतला साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा दात, क्रॅगचा तीस लाख वर्षांपूर्वीचा शंख, क्रॅगमध्ये उसना आलेला मधल्याच काळातला दात आणि कालच मेलेल्या शिंपल्याचे कवच, ही सारी एकाच लाटेने एकाच ओळीत लावलेली असतात. रंग थोडी मदत करतो: तांबूस ते क्रॅगचे, काळे चकचकीत आणि धारदार ते बहुधा चिकणमातीचे, पण झिजलेल्या नमुन्यांत ही खूणही फसवते. सुंदर दातांनी भरलेले, पण थराची नोंद नसलेले खोके मला रद्दीत निघालेल्या सुट्या पानांसारखे वाटते.

कडा ढासळतो त्याचे कारण थरांच्या या क्रमातच आहे. पावसाचे पाणी वाळूतून सहज खाली मुरते, चिकणमातीशी येऊन अडते आणि त्या सीमेवरून कड्याच्या तोंडाशी पाझरू लागते. ओली झालेली चिकणमाती आपले वजन पेलू शकत नाही. वक्र पृष्ठभागावरून तिचे मोठाले तुकडे वरच्या वाळूसकट, मागच्या बाजूला कलंडत, खाली घसरतात. समुद्र मग घसरलेला ढिगारा पायथ्यापासून धुऊन नेतो, पायथ्याचा आधार जातो आणि पुढची घसरण सुरू होते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यापेक्षा पावसाळी हिवाळ्यानंतर इथे अधिक पाहायला मिळते, आणि त्याच दिवसांत कड्याच्या अगदी पायथ्याशी उभे राहणे सर्वांत धोक्याचे असते. कडा सरासरी वर्षाला मीटर-दोन मीटर मागे हटतो. दुसऱ्या महायुद्धात माथ्यावर बांधलेल्या काँक्रीटच्या चौक्या आज खाली पुळणीवर, लाटांत पडलेल्या दिसतात.

माथ्यावर ट्रिनिटी हाउस या दीपगृहे व सागरी खुणा सांभाळणाऱ्या संस्थेने 1720 मध्ये जहाजांना खूण म्हणून बांधलेला नेझ टॉवर उभा आहे, आणि कडा त्याच्या दिशेने सरकतो आहे. 2011 मध्ये टॉवरच्या समोरच्या भागात मोठमोठ्या दगडांचा सुमारे 110 मीटर लांबीचा बांध घालण्यात आला. त्यावरून चालत जाऊन कडा जवळून पाहता येतो. उरलेला कडा मुद्दाम उघडा ठेवलेला आहे, कारण तो भूशास्त्रीय महत्त्वामुळे संरक्षित आहे आणि कड्यात खोदकाम करू दिले जात नाही. घसरून आलेले तेवढेच वेचावे असा दंडक आहे. पूर्ण किनारा बांधून काढावा अशी मागणी समजण्यासारखी आहे, पण मला ती मान्य नाही. बांध घातलेला चिकणमातीचा कडा काही वर्षांत गवत-झुडपांखाली झाकला जातो आणि त्यातून नवे काही बाहेर येत नाही. मायकल डॅनियल्स या हौशी संग्राहकाने याच चिकणमातीतून पक्ष्यांची नाजूक हाडे अनेक वर्षे जमवली, आणि तीही थरांकडे लक्ष ठेवून. आता एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या त्यांच्या संग्रहातून 2022 मध्ये ससाण्यांशी नाते सांगणारा एक इओसीन शिकारी पक्षी ओळखला गेला, आणि त्याला ‘डॅनियल्सरॅप्टर’ असे नाव देण्यात आले.