जुन्या ट्रकाची टायमिंग चेन बदलताना

डिचोली परिसरात चिरे वाहणारा आमचा जुना लहान ट्रक सकाळी सुरू करताच इंजिनाच्या पुढच्या बाजूने खडखडत असे आणि तेलाचा दाब चढला की तो आवाज थांबत असे. पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकची गती कॅमशाफ्टला देण्यासाठी मोठ्या ट्रकांच्या जुन्या डिझेल इंजिनांत बहुधा गिअर असतात. आमच्या इंजिनात मात्र त्यासाठी टायमिंग चेन आहे, त्यामुळे संशय तिच्यावरच गेला.

चेनच्या प्रत्येक सांध्यातील पिन आणि बुश किंचित झिजतात, ती सगळी झीज एकत्र होऊन चेनची लांबी वाढते आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणारा कॅमशाफ्ट मागे पडू लागतो. परिणामी व्हॉल्व उशिरा उघडतात आणि चोर्ला घाट चढताना गाडीचा दम तुटतो. आमच्या गाडीचे किलोमीटर फारसे नाहीत. पण चिरेखाणीवर माल भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवण्याची चालकांची सवय आणि काजळीने काळे पडलेले तेल यांची नोंद मीटरवर होत नाही.

उघडण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. टॅपेट कव्हर (व्हॉल्ववरचे झाकण) काढून क्रँक पान्याने थोडा पुढे-मागे फिरवावा आणि कॅमशाफ्ट हलायला लागेपर्यंत किती मोकळी फेर जाते ते पाहावे. ही फेर बरीच असेल, तर पुढची शंका उरत नाही.

रेडिएटर आणि पंखा काढणे सोपे असते, खरा वेळ खातो तो क्रँक पुलीचा बोल्ट, त्यातही आपल्याकडच्या पावसाळ्यांनी गंजलेला. त्यावर पाना अडकवून स्टार्टर मारण्याची गॅरेजमधली युक्ती मला मुळीच मान्य नाही, कारण ढिली चेन त्या झटक्याने दात ओलांडू शकते आणि डिझेल इंजिनात व्हॉल्व पिस्टनवर आदळतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) खुणा जुळवल्यावरच जुनी चेन उतरवावी. नवी चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. दोन्ही स्प्रॉकेट, गाईड (चेनला आधार देणारी पट्टी), टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि पुढचे ऑइल सील एकदमच बदलावे. आमच्या गाईडचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला निघाला, म्हणून ऑइल चेंबरही उतरवावा लागला, कारण असे तुकडे पंपाच्या जाळीत अडकून तेलाचा दाब पाडतात.

जोडणीनंतर टेन्शनर चेन ताणू लागेल असा मोकळा करून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. स्प्रॉकेटच्या खुणा परत जागेवर आल्या पाहिजेत. चेनवरच्या रंगीत कड्या मात्र बहुधा लगेच जुळत नाहीत, आणि त्यावरून घाबरून पुन्हा सगळे उघडणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. चेनवर इंजेक्शन पंपही चालत असेल तर त्याचे टायमिंग वेगळे तपासावे.

ऑइल फिल्टरमध्ये काटकसर करू नये. त्यातला तेल मागे उतरू न देणारा व्हॉल्व निकामी असेल तर रात्रीत तेल खाली उतरते आणि नव्या चेनचाही सकाळचा खडखडाट सुरू होतो.